मोड न आणलेले धान्य बिअरमध्ये: कण्या, पोहे, लाह्या आणि एक फसलेला घाणा

माईघाटकर (धागाकर्ती)

मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका आहे, सांगलीत विश्रामबागेत राहते आणि बिअर पीत नाही. तरीही हा धागा मी काढते आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लीड्सला असताना जावयाचा एक घाणा फसला आणि त्याचे कारण मला आपल्या स्वयंपाकघरात सापडले. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, आणि जावईबापू दर दीडएक महिन्याने वीस लिटरचा घाणा लावतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे सांगलीत परतल्यावर मी जे प्रयोग केले, ते पिष्टाची साखर होण्यापाशी थांबवले. यीस्ट घरात आणलेच नाही, आणि उरलेला चोथा शेजाऱ्यांच्या म्हशीने संपवला.

झाले असे की, जावयाला आपल्याकडच्या धान्याची बिअर करण्याची हौस आली. त्याने तीन किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले फिके जव) घेतले, तिथल्या भारतीय दुकानातून दोन किलो ज्वारीचे पीठ आणले आणि दोन्ही एकदमच ६६ अंशांच्या पाण्यात कालवले. पीठ तळाशी जाऊन बसले आणि त्याचे लगदे झाले. दीड तासाने बशीत थेंबभर काढून आयोडीन टाकले तर रंग शाईसारखा निळाकाळा, म्हणजे पिष्ट न तुटता तसेच. धान्याची गाळणपिशवी उचलली तर तिच्यातून पाणी गळेना. शेवटी पिळून काढलेल्या गोड पाण्याची घनता (साध्या पाण्याची १; साखर जितकी जास्त तितकी ही जास्त) १.०३४ भरली, त्याचा हिशेब १.०५२ चा होता. मी कागद घेऊन बसले आणि नुसत्या तीन किलो माल्टमधून त्याच्या भांड्यात किती साखर उतरायला हवी ते काढले, तर उत्तर जवळजवळ तेच आले. म्हणजे दोन किलो ज्वारीने घाण्यात गढूळपणाखेरीज काहीच घातले नव्हते.

त्याचा समज असा होता की ज्वारीत पिष्ट आहे, माल्टमध्ये ते पिष्ट तोडणारी विकरे (एन्झाइम) आहेत, मग काम व्हायला हवे. पण कच्च्या दाण्यातले पिष्ट घट्ट कणांत बांधलेले असते. पाणी आणि उष्णता मिळून ते कण फुगत नाहीत, फुटत नाहीत, तोवर विकरांना त्यांत शिरकाव होत नाही. कण्या शिजवणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे: कोमट पाण्यात कण्या तासभर ठेवल्या तरी त्या कण्याच राहतात, आणि आधण आले की मात्र बघता बघता पातेले घट्ट होते. ज्वारी, तांदूळ आणि मका यांचे पिष्ट साधारणपणे ७० अंशांच्या आसपास आणि त्याही पुढे फुगते. माल्टमधल्या दोन मुख्य विकरांपैकी बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत नीट चालते आणि त्यावर झपाट्याने मरते. अल्फा-अमायलेज ७० च्या थोडे पुढेपर्यंत तग धरते. म्हणजे ज्वारीचे पिष्ट मोकळे होईल इतके मॅश (गरम पाण्यात कालवलेले माल्ट) तापवावे तर ते तोडणारे हात गेलेले असतात. गहू, जव आणि ओट यांचे तसे नाही. त्यांचे पिष्ट मॅशच्या तपमानालाच, किंबहुना त्याआधीच, मोकळे होते. म्हणून ती धान्ये कच्ची भरडून थेट माल्टबरोबर घालता येतात.

दुसऱ्या घाण्याला मी चुलीपाशी उभी राहिले. १.२ किलो ज्वारीच्या कण्या, पीठ नव्हे, आणि त्यात पाव किलो भरडलेले माल्ट घेऊन साडेपाच लिटर पाण्यात ७० अंशांवर पंधरा मिनिटे ठेवले, मग उकळी आणून अर्धा तास हलवत राहिले. ते पाव किलो माल्ट जावयाला अनावश्यक वाटत होते, पण सगळी किमया त्याचीच आहे: उकळीपर्यंतच्या वाटेवर त्यातले अल्फा-अमायलेज पेज पातळ करत जाते, नाहीतर कालथा उभा राहील इतका घट्ट गोळा होतो. त्याच वेळी दुसऱ्या भांड्यात ३.३ किलो माल्ट नऊ लिटर पाण्यात ५० अंशांवर कालवून ठेवले होते. उकळत्या कण्या त्यात ओतल्या आणि झाकण लावले, तर सगळे मिळून ६६ वर येऊन थांबले. तासाभराने आयोडीनचा थेंब आयोडीनच्याच रंगाचा राहिला. घनता १.०४८ भरली. तळाला थोडे करपले होते आणि तो वास बिअरमध्ये शेवटपर्यंत राहिला असे जावई म्हणतो; जाड बुडाचे पातेले नव्हते, हा दोष माझ्याकडे.

आता मूळ मुद्दा. हा सगळा खटाटोप कच्चा दाणा शिजवण्यासाठी आहे. पण आपल्या बाजारात आधीच शिजलेली किंवा फुललेली कितीतरी धान्ये पडलेली असतात. पोहे म्हणजे भिजवून, भाजून, चेपटलेले भात. चुरमुरे आणि ज्वारीच्या लाह्या म्हणजे उष्णतेने फुटलेला दाणा. परदेशातले लोक फ्लेक्ड राइस म्हणून जे महाग पाकीट घेतात, ते आपले पोहेच नव्हेत काय? कोणी हे करून पाहिले असेल, तर अनुभव लिहावा.

पाटणखोरे

बाई, आपले विवेचन वाचनीय आहे, पण माझी शंका वेगळीच आहे. माल्ट महाग पडते म्हणून त्यात मका आणि तांदूळ मिसळायचा, आणि त्याला परंपरेचे नाव द्यायचे, हा कारखानदारांचा उद्योग नाही का? जर्मनीत तर याला कायद्यानेच बंदी होती असे ऐकून आहे. दुधात पाणी घालणाऱ्याने ‘मी दूध हलके करतो’ म्हणावे, तसे हे वाटते.

माईघाटकर

पाटणखोरे, आपली शंका रास्त आहे, आणि ती पूर्ण खोटीही नाही. मोठ्या कारखान्यांत किमतीचा हिशेब असतोच. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात जव, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले) आणि पाणी एवढेच जिन्नस होते हे खरे. मात्र तो नियम त्या मुलखाचा होता, बिअरचा नव्हे. शेजारच्या बेल्जियममध्ये लांबिक नावाची बिअर केली जाते, तिच्यात किमान ३० टक्के गहू असावा लागतो आणि तो मोड न आणलेला घालतात. तिथे कच्चे धान्य घातले नाही तर ती बिअर खोटी ठरते. इंग्लंडमध्ये माल्टवरचा कर १८८० मध्ये उठला आणि तो तयार बिअरवर बसवला गेला, तेव्हापासून भांड्यात कोणते धान्य घालायचे ते ब्रुअरच्या (बिअर करणाऱ्याच्या) मर्जीवर राहिले. त्याआधी कच्च्या धान्यावर बंदी होती, ती चवीच्या काळजीने नव्हे तर करबुडवेगिरी रोखण्यासाठी.

अमेरिकेचे उदाहरण तर रसायनशास्त्राचे आहे. तिथले सहा ओळींच्या कणसाचे जव प्रथिनांनी आणि विकरांनी भरलेले होते. नुसत्या त्याच जवाची फिकी लागर (थंडाव्यात आंबवलेली बिअर) केली की ती गढूळ होई. तिथे जाऊन वसलेल्या जर्मन ब्रुअरांनी एकोणिसाव्या शतकात त्यात मका आणि तांदूळ घातला, कारण त्या धान्यांत विद्राव्य प्रथिने नगण्य असल्याने मिश्रणातले प्रथिनांचे प्रमाण खाली येई आणि माल्टमधली जादा विकरे कामी लागत. दुधात पाणी घातले तर दूध बिघडते. इथे मूळचे दूधच आटीव होते, असे समजा. आणि अगदी गरजेपोटी घडलेले उदाहरण हवे असेल तर नायजेरियाचे घ्या. तिथल्या सरकारने १९८८ पासून जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्यावर, बाहेरून घातलेल्या विकरांच्या जोरावर, लागर करावी लागली आणि ती लोकांनी प्यायली.

अजिंक्यतारा_पायथा

मी मूळचा सातारचा, सध्या पुण्यातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करतो. बाईंचा हिशेब बरोबर आहे, पण पहिला घाणा फसण्यामागे आणखी एक कारण होते, ते इथे नोंदवतो. माल्टची विकरशक्ती लिंटनर या एककात मोजतात. इंग्लिश पेल एल माल्टची शक्ती साधारण ५० धरतात, तर अमेरिकन सहा ओळींच्या जवाच्या माल्टची १५० च्या आसपास. कच्च्या धान्याची शून्य. सगळ्या मिश्रणाची सरासरी ३० ते ३५ च्या खाली गेली की पिष्ट पूर्ण तुटत नाही किंवा फार वेळ घेते. जावयांच्या पहिल्या घाण्यात पाचांत तीन भाग माल्ट, म्हणजे सरासरी ३०. ज्वारी नीट शिजवली असती तरी गाडी कडेकडेनेच चालली असती. दुसऱ्या घाण्यात ती सरासरी ३७ झाली आणि काम तासाभरात उरकले. अमेरिकन पुस्तकांतले ४० टक्के मक्याचे प्रमाण इंग्लिश माल्टला लावणारे कितीतरी लोक इथेच आपटतात.

दुसरी मर्यादा यीस्टची आहे. यीस्टला वाढण्यासाठी अमिनो आम्लांच्या रूपातला नायट्रोजन लागतो, आणि तो प्रामुख्याने माल्टमधून येतो. तांदूळ आणि मका यांतून जवळजवळ काहीच येत नाही. प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे नेले तर आंबणे रेंगाळते आणि गंधकाचे नकोसे वास येतात, मग यीस्टचे खाद्य वरून द्यावे लागते. मी स्वतः मोड न आणलेली ज्वारी किंवा तांदूळ २५ टक्क्यांच्या पुढे नेत नाही.

मक्याबद्दल एक सूचना. मक्याचा अंकुर तेलकट असतो. ते तेल फेस मारते आणि बिअर ठेवली की खवट चव आणते. म्हणून कारखान्यांत अंकुर काढलेला मक्याचा रवाच वापरतात. आपल्या गिरणीतून अख्खा मका भरडून आणला तर अंकुर त्यातच राहतो.

पण आपल्या भागासाठी मला खरे आकर्षण वाटते ते खपली गव्हाचे. कृष्णाकाठच्या गावांतून खपली अजून पेरली जाते. तिचा लापशी रवा दुकानात तयार मिळतो, आणि तो शिजवायची गरज नाही, कारण गव्हाचे पिष्ट मॅशच्या तपमानालाच मोकळे होते. बेल्जियन पांढऱ्या बिअरमध्ये जवळजवळ निम्मे धान्य म्हणजे कच्चा गहू असतो. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्याला होगार्डन गावात बंद पडली होती. दूधवाल्याचा व्यवसाय करणाऱ्या पिएर सेलिस यांनी ती १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. त्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात, म्हणजे मसाल्याच्या डब्यालाही काम मिळते. कच्च्या गव्हामुळे तिला तो दुधट गढूळपणा आणि जिभेवर जाणवणारी मऊ घट्टाई येते; मोड आणलेल्या गव्हाने ती तशी साधत नाही.

धोका एकच आणि तो गाळण्याचा. जवाच्या माल्टला टरफल असते आणि त्याचाच थर चाळणीचे काम करतो. खपलीच्या रव्याला टरफल नाही, शिवाय त्यातले डिंकासारखे घटक पाणी धरून ठेवतात. गाळण तुंबली की दोन तासांचे काम पाच तासांवर जाते आणि तोंडातून अपशब्द निघतात. उपाय म्हणजे भाताचे तूस. एकूण धान्याच्या पाच टक्के तूस धुऊन, गरम पाण्यात भिजवून मॅशमध्ये मिसळावे. राइस मिलच्या मागे ते ढिगाने असते. कोंडा मात्र घेऊ नये, त्यात तेल असते. ओट किंवा कच्चे जव वापरणार असाल तर आधी ४५ अंशांवर वीस मिनिटे थांबा, म्हणजे माल्टमधली विकरे त्यांतला डिंक थोडा तोडतात.

पोह्यांबद्दल बाईंच्या मताशी सहमत. चुरमुऱ्यांबद्दल मात्र सावध राहा. चुरमुरे फोडण्याआधी तांदळाला बहुधा मिठाचे पाणी देतात. समजा शंभर ग्रॅम चुरमुऱ्यांत दीड ग्रॅम मीठ असेल, तर वीस लिटरच्या घाण्यात घातलेले सहाशे ग्रॅम चुरमुरे नऊ ग्रॅम मीठ घेऊन येतील; म्हणजे लिटरला सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम. फिक्या बिअरमध्ये ते जिभेला लागायला लागते. आधी मूठभर खाऊन पाहावे, हीच तपासणी.

जतचा_शाळू

मी बिअरचा जाणकार नाही, शेतकरी आहे, ज्वारीपुरते बोलतो. आमच्या जत भागात रब्बीला जो शाळू होतो तो पांढरा, टपोरा आणि भाकरीला गोड. खरिपाचे हायब्रीड कणसावर पाऊस पडला की काळे पडते, त्यावर बुरशी असते आणि ते जनावरांना घालतानाही आम्ही विचार करतो. लाल किंवा तपकिरी दाण्याच्या काही जाती तुरट असतात, पाखरेसुद्धा त्यांना लवकर तोंड लावत नाहीत. ‘ज्वारी’ म्हणून दुकानातून काहीही उचलण्यापेक्षा शाळू मागून घ्यावा, आणि शक्य तर साठवणीला औषधाच्या गोळ्या न टाकलेला घ्यावा. आमच्याकडे कडुनिंबाचा पाला घालतात.

अजिंक्यतारा_पायथा

शाळूभाऊंनी फार कामाची गोष्ट सांगितली. ती तुरट चव टॅनिनची असते, आणि टॅनिन विकरांना चिकटून त्यांनाच निकामी करते. पांढरा शाळू त्या दृष्टीने उत्तमच.

तासगावकर

इथे सांगलीत जवाचे माल्ट सहज मिळत नाही, तर बाईंनी घरचे प्रयोग कशावर केले? नाचणीसत्त्वावर होतात का?

माईघाटकर

होतात, पण विकत आणलेल्या सत्त्वावर नाही, कारण ते बहुधा चांगले भाजलेले असते आणि भाजताना विकरे मरतात. मी नाचणी रात्रभर भिजवली, ओल्या फडक्यात बांधून अडीच दिवस मोड आणले, सावलीत वाळवली आणि न भाजता दळली. तिचा जोर पाहायचा असेल तर सोपी परीक्षा आहे. ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवावी, बोट घालवेल इतपत निवू द्यावी आणि त्यात चमचाभर हे पीठ ढवळावे. चमच्याला चिकटणारी पेज पाच-सात मिनिटांत धार धरून पडू लागते. लहान बाळाचे खाणे पातळ पण कसदार करायला हीच युक्ती वापरतात.

पोहे आणि लाह्यांच्या तुलनेसाठी हे पीठ तसेच घालून चालत नाही, कारण नाचणीचे स्वतःचेच पिष्ट आयोडीनला निळे करते आणि मग निळे कोणाचे ते कळत नाही. म्हणून पीठ गार पाण्यात तासभर भिजवले, दुहेरी मलमलीतून गाळले, स्थिर ठेवले आणि वरची निवळी तेवढी घेतली. विकरे पाण्यात उतरतात, पिष्ट तळाला राहते. मग तांदळाची कणी, जाडे पोहे, चुरमुरे आणि शाळूच्या लाह्या प्रत्येकी पन्नास ग्रॅम चुरडून, निवळी आणि ६५ अंशांचे पाणी घालून, चार थर्मासांत पाऊण तास ठेवल्या. चार थर्मास जमवायला तीन घरी जावे लागले. त्यानंतर तळचा गाळ चमच्याने पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकले. कणीचा गाळ काळानिळा झाला आणि दाताखाली कणी कचकन लागली. पोह्यांच्या गाळात तांबूस छटा आणि कुठे निळे ठिपके. चुरमुऱ्यांचा गाळ जवळजवळ नितळ, पण पाणी खारट. अजिंक्यतारा यांचे म्हणणे तिथेच पटले. लाह्यांत न फुटलेले दाणे तेवढे काळे ठिपके होऊन उठले, बाकी सारे पिवळट. म्हणजे लाह्या वापरायच्या तर न फुटलेले दाणे चाळून काढावेत, आणि पोह्यांना मॅशमध्ये घालण्यापूर्वी उकळत्या पाण्याचा एक हबका द्यावा.

तासगावकर

लाह्या हलक्या असतात. किलोभर लाह्यांना पोते लागेल. त्या भांड्यात बुडणार कशा?

माईघाटकर

तासगावकर, हाच प्रश्न जावयाने फोनवर विचारला. दिवाळीला लेक आली होती तेव्हा तिच्याबरोबर लाह्या आणि चुरमुरे पाठवले होते. त्याने मागच्या रविवारी ३.६ किलो माल्टमध्ये नऊशे ग्रॅम लाह्या घालून घाणा लावला. त्या पाण्यावर बर्फासारख्या तरंगत राहिल्या आणि त्यांनी पाणीही पुष्कळ ओढले, तेव्हा मी त्याला रवीने दाबत दाबत मूठमूठ घालायला सांगितले आणि दोन लिटर पाणी वाढवायला लावले. दहा मिनिटांत त्या विरघळल्यासारख्या खाली बसल्या. वेगळे पातेले लागले नाही, करपण्याचा प्रश्न आला नाही, चाळीस मिनिटांत आयोडीन नितळ झाले आणि घनता १.०४७ भरली. तूस त्याने तिथल्या दुकानातून पाकिटातले आणले, त्याची किंमत ऐकून मी राइस मिलच्या मागचा ढीग आठवला. गाळण अजिबात तुंबली नाही. बिअर अजून आंबते आहे, तेव्हा चवीबद्दल तीन आठवड्यांनी इथेच लिहीन. चुरमुऱ्यांचा घाणा मात्र होणार नाही. मी पाठवलेले सगळे चुरमुरे लेकीने पहिल्याच आठवड्यात भडंग करून संपवले.